शेवटचं आधी

सकाळी साडेसहाला आमच्या दाराखालून पेपर आत सरकायचा. हा आमचा पेपर नव्हे. आमचा पेपर त्याआधीच आलेला असायचा; पेपरवाला तो खालूनच नेम धरून गॅलरीत भिरकवायचा आणि तो बहुतेक वेळा तुळशीवर पडायचा. दाराखालून येणारा पेपर वरच्या मजल्यावरच्या डॉ. सुलोचना वाघमारे यांचा. ज्या दिवशी त्यात माझी बातमी असेल त्याच दिवशी तो यायचा, आणि बातमी कुठे आहे हे शोधावं लागायचं नाही. गोवर उठलेल्या पोरासारखी ती लाल दिसायची. शब्दांखाली रेघा, समासात प्रश्नचिन्हं, आणि खाली एका वर्तुळात दहापैकी गुण.

हे गुण आधी माझी बायको नंदा वाचायची, मग मुलगी मंजू, आणि शेवटी मी. "बाबा, आज तीन," मंजू दात घासता घासता ओरडायची. ती तेव्हा चौथीत होती. पुढे पुढे नंदाने तिला अभ्यासावरून रागावणंच सोडून दिलं. घरातला कर्ता पुरुष रोज नापास होत असताना पोरीला कुठल्या तोंडाने बोलायचं?

मी अंबरनाथच्या एका शाळेत कारकून होतो आणि ठाण्याहून निघणाऱ्या एका दैनिकाचा अंबरनाथ-बदलापूरचा वार्ताहर. म्हणजे शाळेत मला सगळे पत्रकार म्हणायचे आणि पेपरात कारकून. तरी हौस दांडगी. बदलापूरच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि माझी पहिली मोठी बातमी छापून आली होती, 'घातक रसायनामुळे नाल्यातील मासे मृत्युमुखी'. पहिल्या पानावर, चौकटीत. त्या दिवशी मी गरज नसताना दोनदा दाढी केली. तेवढ्यात बेल वाजली. दारात चाळिशीच्या बाई, सुती साडी, जाड चष्मा, हातात तोच पेपर. मी अभिनंदन स्वीकारायला चेहरा तयार केला.

"शेलार तुम्हीच?"

"हो, मीच तो."

"कुठलं रसायन?"

"घातक."

"घातक हा त्याचा स्वभाव झाला. नाव काय?"

मी त्यांच्या हातातल्या पेपरात डोकावलो. नाव तिथेही नव्हतं.

"बरं, किती होतं?"

"पुष्कळ होतं, मॅडम."

"कशात? पाण्यात, गाळात की माशांच्या पोटात? आणि कधी मोजलं?"

"अहो, मासे मेले होते! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत."

"मासे मेले हे तुम्ही बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "त्याचेच दोन गुण दिलेत." पेपर माझ्या हातात ठेवून त्या जिना चढून गेल्या. किती, कशात, कधी. पुढची दहा-बारा वर्षं या तीन शब्दांनी माझा छळ केला. नंदा भाजी घेऊन आली आणि मी सहज विचारलं, "महाग झाली का गं?" तर ती म्हणायची, "किती? कशात? कधी?" आणि मायलेकी हसायच्या.

वाघमारे मॅडम उल्हासनगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. वडील अंबरनाथच्या कारखान्यात कामगार. बालपण मोरिवलीच्या बाजूच्या दोन खोल्यांत गेलेलं. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. वडिलांनी मुलांकडून वंदनेबरोबर तीसपर्यंत पाढेही पाठ करून घेतले होते, आणि मॅडम दोन्ही सारख्याच चालीत म्हणायच्या. पीएचडी झालेल्या त्या घराण्यातल्या पहिल्या. दारावर 'डॉ.' अशी पाटी लागल्यावर बिल्डिंगमधले लोक खोकला-पडसं घेऊन वर जायला लागले. मॅडम त्यांना दारातच सांगायच्या, "मी पाण्याची डॉक्टर आहे. पाण्याला खोकला होत नाही." तरी तळमजल्याच्या आजींना त्यांनी एकदा मिठाच्या गुळण्या सांगितल्या आणि वर बजावलं, "हे मी शेजारीण म्हणून सांगितलं. शास्त्रज्ञ म्हणून नाही."

बोलण्यात एवढ्या काटेकोर बाईशी बातमीसाठी बोलणं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. एकदा बदलापुरात नळाला गढूळ पाणी आलं. लोक चिडलेले, मला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची होती. मॅडमनी पाणी तपासलंय असं कळलं म्हणून मी वर गेलो. त्यांनी दोन कागद भरून मजकूर माझ्यापुढे ठेवला. बाटली कशी धुतली, त्याच पाण्याने ती तीनदा का विसळली, बूच कसलं होतं, नळ किती वेळ वाहू दिला. पहिलं पान संपलं तरी आम्ही नळापाशीच.

"मॅडम," मी काकुळतीला येऊन म्हटलं, "पाणी प्यायचं की नाही?"

"तेच सांगतेय. दुसऱ्या पानावर तळाला आहे."

"ते वर का नाही?"

"अहो शेलार, आधी जोडणी, मग मोजणी, मग निष्कर्ष. निष्कर्ष आधी सांगून टाकला तर लोक बाकीचं कशाला वाचतील?"

"मॅडम, लोक बाकीचं तसंही वाचत नाहीत."

"मग त्यांना निष्कर्ष वाचायचा हक्क नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

आता माझी बाजू फार स्वच्छ होती असंही नाही. त्या म्हणायच्या, "अजून तपासायला हवं," आणि मी लिहायचो, 'शास्त्रज्ञांचा धोक्याचा इशारा'. त्या म्हणायच्या, "आम्हाला दिसलं नाही," मी लिहायचो, 'नाही'. यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "'नाही' आणि 'दिसलं नाही' या सख्ख्या बहिणी नव्हेत, शेलार. लांबचं नातंसुद्धा नाही त्यांच्यात." आणि दुसरं, त्याहून कडक: "मी म्हटलं ते लिहा. मला काय म्हणायचं असेल ते लिहू नका."

नंदा आमची भांडणं ऐकत चहा गाळायची. एकदा म्हणाली, "तुम्ही दोघं एकच पातेलं दोन्हीकडून ओढताय. डाळ सांडणार बघा कधीतरी."

ती सांडली, आणि सांडली ती माझ्या हाताने.

बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. वाडीला एक विहीर, विहिरीला लागून ओढा. आदल्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला फिनेलसारखा वास यायला लागला होता. तेव्हापासून बायका टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणत होत्या. जायला-यायला तास-दीड तास. उन्हाळ्यात झरा करंगळीएवढा झाला. वास तर आता गेला होता, मग विहिरीचं पाणी प्यायला लागायचं का, एवढंच वाडीला हवं होतं. वाडीतली सोमीबाई नंदाकडे करवंदं विकायला यायची. तिने नंदाला विचारलं, नंदाने मॅडमना, आणि एप्रिलच्या सुरुवातीला मॅडम बाटल्यांची पेटी घेऊन निघाल्या. बरोबर मी.

बाटली दोरीने सोडली, तीनदा विसळली, चौथ्यांदा भरली, चिठ्ठी लावली. माझ्या वहीत मी ते सगळं लिहिलं, कारण न लिहिण्याची हिंमत नव्हती. दहा दिवसांनी मॅडमनी मला वर बोलावलं आणि बातमीचा मजकूर लिहूनच दिला. पाच परिच्छेद. पहिल्यात नमुना कसा घेतला. दुसऱ्यात काय काय शोधलं. तिसऱ्यात, शोधलेल्या चारही गोष्टी या नमुन्यात आढळल्या नाहीत. चौथ्यात, हा नमुना उन्हाळ्यातला आहे, ओढा सध्या कोरडा आहे. आणि पाचव्यात: वास पावसाळ्यात येत होता, म्हणजे ओढा वाहू लागल्यावर काहीतरी विहिरीत झिरपत असावं, त्यामुळे पावसात पुन्हा तपासणी होईपर्यंत हे पाणी कुणीही पिऊ नये.

"यातला एक शब्द हलवायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "क्रमसुद्धा नाही. आजवर तुम्ही फार शहाणपणा केलात. या वेळी नुसते हमाल व्हा."

हमाल! दोन वर्षं मी या बाईंची लाल पेन्सिल सोसली होती. त्याच आठवड्यात मला दहापैकी दीड मिळाला होता आणि मंजूने ते शाळेत सांगितलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे. हमाल तर हमाल.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मॅडमना माहीत नव्हती आणि मला माहीत होती. पेपरात बातमी मोठी झाली की ती खालून कापतात. वाचून, विचार करून नव्हे. खाली जाहिरात आली की जेवढ्या ओळी बसत नाहीत तेवढ्या शेपटाकडून उडवतात. म्हणून आम्ही मुद्द्याचं पहिल्या दोन ओळींत घालतो आणि शेपटाला गेलं तरी चालेल असं काहीतरी ठेवतो. हे मी मॅडमना सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. नाही सांगितलं. मनात म्हटलं, करा तुमचं तुम्ही, कळू दे एकदा.

अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या बूथवरून मी बातमी फोनवर सांगितली. बूथवाले लछमनभाई उल्हासनगरचे सिंधी. माझ्या सगळ्या बातम्या त्यांना छापायच्या आधी पाठ असायच्या. "साईं," ते म्हणाले, "आज न्यूज है के शादी की पत्रिका? खतम ही नहीं होती!"

फोनच्या त्या टोकाला आमचे उपसंपादक प्रधान. "शेलार, अहो बाटली विसळली हे कशाला पाहिजे?"

"जसं सांगतोय तसं घ्या. मॅडमचा हुकूम आहे."

"घेतो बाबा. जागा बघू."

जागा बघू म्हणजे काय, ते मला कळत होतं. तरी मी फोन ठेवला आणि लछमनभाईंच्या बाकड्यावर बसून निवांत चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. तीन परिच्छेद. चौथ्या-पाचव्याच्या जागी साड्यांच्या सेलची जाहिरात. वर प्रधानांचं शीर्षक: 'वाडीच्या विहिरीचे पाणी निर्दोष'. गंमत वाटेल म्हणून मी पेपर उघडला होता. गंमत वाटली नाही.

साडेसहा वाजले. दाराखालून काही आलं नाही. पावणेसातला बेल वाजली. मॅडमच्या हातात पेपर होता आणि त्यावर लाल पेन्सिलीची एकही खूण नव्हती.

"मी चार वेळा वाचलं," त्या म्हणाल्या. "शब्द सगळे माझे आहेत. एकही चूक नाही. आणि बातमी खोटी आहे. हे कसं झालं ते मला सांगा."

मी सांगितलं. शेपूट, जाहिरात, कात्री.

"खालून कापतात? न वाचता?" दोन वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला. "मग तुम्ही लोक महत्त्वाचं शेवटी ठेवता कशाला?"

"आम्ही? तुम्ही ठेवलंत, मॅडम! क्रम हलवायचा नाही म्हणालात!"

"मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?"

नंदा ओट्यापाशी होती. तिचा हात थांबला. खोटं बोलायला जागा होती, पण मंजू दात घासायचं सोडून माझ्याकडे बघत होती.

"होतं," मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी धावत लछमनभाईंच्या बूथवर गेलो आणि प्रधानांना फोन लावला. ते म्हणाले, दुरुस्ती देऊ, आठवड्याभरात, आतल्या पानावर, एका ओळीची. "चुकून निर्दोष म्हटले असे वाचावे, चालेल?" मी फोन ठेवला. लछमनभाईंनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "साईं, फोन छोडो. अपने पाँव से जाओ."

तेच करायचं ठरलं. मॅडमनी कॉलेजात रजा टाकली, मी शाळेत, आणि नंदाही निघाली, कारण सोमीबाई तिची. वाडीत पोचलो तेव्हा विहिरीवर बायकांची रांग. वाडीच्या शाळेतले गुरुजी बदलापूरहून येताना पेपर आणायचे. त्यांनी सकाळीच बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. सोमीबाईने आम्हाला बघताच हंडा खाली ठेवला आणि तोंडभर हसली.

"बाय, तुमचे पाय धराया पायजेत. पेपरात आला का पानी बरा हाय. आज पोरीला झऱ्यावर धाडली नाय, साळेत धाडली."

मॅडम कठड्यापाशी उभ्या राहिल्या. बायका भोवती जमल्या. आणि मॅडमनी सुरुवात केली, "त्याचं असं आहे, आम्ही जो नमुना घेतला, त्यासाठी बाटली आधी..." मी कपाळाला हात लावला. बाटली झाली, दोरी झाली, विसळणं झालं. बायका आदराने ऐकत होत्या आणि एकेक करून पोहरा सोडत होत्या. शेवटी सोमीबाईनेच विचारलं, "बाय, ता सगला खरा. पन पियाचा का नाय पियाचा?"

"आत्ताच्या पाण्यात आम्हाला काही दिसलं नाही, पण..."

"म्हंजे पियाचा," सोमीबाई समाधानाने म्हणाली आणि दोर ओढायला लागली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रडकुंडीला आल्या होत्या. मी काय सांगणार? मी हमाल. तेवढ्यात नंदा पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही मागे तुमच्या वडिलांचं सांगितलं होतंत. कारखान्यात वास सुटला होता, ते."

ती गोष्ट मलाही ठाऊक होती. मॅडम लहान असताना वडिलांच्या कारखान्यात कसलासा वायू सुटला. साहेबांनी कामगारांना फाटकाबाहेर काढून लांबलचक सूचना वाचून दाखवली. पाइप कुठला, झडप कुठली, आणि घाबरण्याचे कारण नाही. वडील घरी येऊन म्हणाले होते, "अरे, मी घाबरलोय का ते विचारतंय कोण? पळू का उभा राहू, तेवढं सांगा!"

मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी सोमीबाईच्या हातातला दोर धरला.

"पिऊ नका," त्या म्हणाल्या. "पावसात मी पुन्हा तपासेपर्यंत या विहिरीचं पाणी प्यायचं नाही. पोरांना तर नाहीच."

पोहरे थांबले.

"का?" सोमीबाईने विचारलं.

आणि मग मॅडम पाऊण तास बोलल्या. ओढा, झिरपणं, वास, उन्हाळा, पावसाळा. बाटली तीनदा का विसळतात हेसुद्धा. मीच घड्याळ बघत होतो. बायका बसून ऐकत होत्या, मधे मधे प्रश्न विचारत होत्या. एक म्हातारी म्हणाली, आदल्या साली वास आधी ओढ्याला यायचा आणि दोन दिवसांनी विहिरीला. मॅडमनी ते ताबडतोब वहीत उतरवलं, कारण हे त्यांनाही माहीत नव्हतं. निघताना सोमीबाई थोडी घुश्शात होती. झरा पुन्हा नशिबी आला होता आणि पोरीची शाळा गेली होती. म्हणाली, "ह्या पयलाच सांगाचा ना, बाय. शेवटचा आधी सांगत जा. मानूस मंग बसून ऐकते."

जुलैत मॅडमनी पुन्हा नमुना घेतला. त्यात चारपैकी एक गोष्ट सापडली, प्यायच्या पाण्यात नसावी एवढी. ती कुठून आली हे नक्की सिद्ध झालं नाही, म्हणून मीही इथे कुणाचं नाव घेत नाही. घेतलं तर मला आजही भीती वाटते की दाराखालून काहीतरी सरकेल. ती बातमी आम्ही दोघांनी आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिली. पहिलं वाक्य, 'हे पाणी पिऊ नका.' बाटली शेपटाला. प्रधानांनी बाटली कापली. वर्षभरात वाडीला वरच्या अंगाला बोअरवेल मिळाली आणि सोमीबाईची पोर शाळेत परतली. मी नंतर लिहिणार होतो की मधल्या काळात वाडीत कुणालाही काही झालं नाही. मॅडम म्हणाल्या, "आपल्याला कळलं नाही, असं लिहा."

मला त्यांनी माफ केलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी वेगळंच काढलं. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, कॉलेज सुटल्यावर, त्यांच्या प्रयोगशाळेत उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचे आम्ही सात-आठ वार्ताहर आणि त्यांचे सहकारी प्राध्यापक यांना त्या समोरासमोर बसवायच्या. नियम दोन. प्राध्यापकांनी आपलं काम पहिल्या वाक्यात सांगायचं, आणि शेवटचं आधी. पत्रकारांनी किती, कशात, कधी हे विचारल्याशिवाय पेन उघडायचं नाही. पहिल्या गुरुवारी शेवाळावर काम करणारे एक सर 'पहिलं वाक्य' वीस मिनिटं बोलले; त्यांच्या मते पूर्णविराम अजून आलेला नव्हता. आमच्यातल्या एकाने त्यांना विचारलं, "सर, हे शेवाळ घातक आहे का?" मॅडमनी हातातला खडू मोडला. प्राध्यापक म्हणायचे, पत्रकार उथळ. पत्रकार म्हणायचे, प्राध्यापक म्हणजे गळकं पिंप. चहा-बिस्किटं संपली की दोन्ही पक्ष उठायचे. मी दर वेळी घरी येऊन म्हणायचो, आता बंद करा म्हणावं हे. तरी ते सहा-सात वर्षं चाललं. एवढं मात्र झालं, की गोष्ट अवघड असली की आमच्यापैकी कुणीतरी छापायच्या आधी फोन करायचा, आणि पलीकडे कुणीतरी तो उचलायचा. मला एकदा आठ मिळाले. मंजूने, तेव्हा ती अकरावीत होती, तो पेपर कपाटाला आतून चिकटवला.

सत्त्याण्णवच्या सुमाराला मॅडम आजारी पडल्या. आधी अशक्तपणा म्हणून अंगावर काढला. सगळ्या जगाचं पाणी तपासणाऱ्या बाईने स्वतःचं रक्त उशिरा तपासलं. भाऊ लांब नोकरीला, म्हणून इस्पितळात त्या दिवशी मी आणि नंदा होतो. तरुण डॉक्टर जाड फाइल घेऊन आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आपण आधी कुठल्या कुठल्या तपासण्या केल्या, ते मी तुम्हाला क्रमाने..."

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "शेवटचं आधी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग फाइल मिटली आणि सांगितलं. एका वाक्यात सांगितलं. चांगला मुलगा होता. नंदाने मॅडमचा हात धरला. माझ्या तोंडून, का कोण जाणे, निघून गेलं, "किती? म्हणजे... कुठल्या तपासणीत? कधी केली होती ती?"

नंदाने डोळे वटारले. मॅडम मात्र उशीवर मान टेकून हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला. "शेलार," त्या म्हणाल्या, "दहापैकी नऊ."

"एक कुठे गेला, मॅडम?"

"पेन उघडलं नाहीत."

त्यानंतर त्या चौदा महिने होत्या. हे मी मोजलेलं आहे.

त्या गेल्या त्या दिवशी बातमी मीच दिली. फोनवर नव्हे, तोवर आमच्याकडे फॅक्स आला होता. महत्त्वाचं सगळं वर घातलं: डॉ. सुलोचना वाघमारे गेल्या. त्यांनी एका वाडीला वेळेवर 'पिऊ नका' सांगितलं. आमच्यासारख्या गड्यांना प्रश्न विचारायला शिकवलं. पदव्या, पारितोषिकं, जन्मगाव, सगळं शेपटाला. प्रधान निवृत्त झाले होते, पण कात्री निवृत्त होत नाही. पदव्या गेल्या. हरकत नव्हती. पण डेस्कवरच्या कुठल्यातरी नव्या माणसाने सवयीने पहिल्या ओळीत दोन शब्द घातले होते: 'अल्पशा आजाराने'.

मी मंजूच्या जुन्या कंपासपेटीतून लाल पेन्सिल शोधून काढली. 'अल्पशा'खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, किती? मग खाली वर्तुळ काढलं आणि सहा गुण दिले. सातही चालले असते, पण मॅडमनी दिले नसते.

साडेसहा वाजले होते. जिना चढून वर गेलो. दाराला कुलूप होतं, पाटी तशीच. पेपर सरकवायला वाकलो तर गुडघे असे कुरकुरले की मला भिंत धरावी लागली. मॅडमचे गुडघे माझ्याहून वाईट होते, हे नंदा मला नेहमी सांगायची. एक मजला उतरून, वाकून, पेपर सरकवून पुन्हा एक मजला चढायचं. किती सकाळी केलं असेल त्यांनी हे? मी जिन्यात बसून हिशेब करायला लागलो, आणि मला तो येईना.